जाहिरात दहा हजार वेळा दिसली, क्लिक फक्त ऐंशी: चुकतंय कुठे?

मार्च उजाडला की गुगलवर 'देवगड हापूस' असं शोधणाऱ्याला खऱ्या निकालांच्या आधी दोन-चार जाहिराती दिसतात. वर 'स्पॉन्सर्ड' असं लिहिलेलं. दलाल टाळून थेट ग्राहकाच्या दारी पेटी पाठवणारे बागायतदार, शहरातले फळविक्रेते, मोठी किराणा अ‍ॅप्स, सगळेच तिथे जागा मागत असतात. समजा, त्यातल्या एका बागायतदाराच्या हाती आठवड्याचा अहवाल आला: जाहिरात १०,००० वेळा दिसली, क्लिक ८०. आता त्याला दोन सल्ले हमखास मिळतील. एक, बोली, म्हणजे एका क्लिकमागे गुगलला द्यायची कबूल केलेली रक्कम, वाढवा. दोन, मजकूर आकर्षक करा. बहुतेक वेळा दुखणं या दोन्हींत नसतं.

## अंश आणि छेद

जाहिरात एकदा दिसली की ते एक इम्प्रेशन. शंभर इम्प्रेशनमागे किती क्लिक आले, तो क्लिक-थ्रू रेट. पुढे त्याला सीटीआर म्हणू. आपल्या उदाहरणात तो ०.८ टक्के आहे.

शाळेतला अपूर्णांक आठवा. क्लिक हा अंश, इम्प्रेशन हा छेद. सीटीआर वाढवायचा म्हटलं की जो तो अंशाच्या मागे लागतो: चटकदार ओळ लिही, सवलत जाहीर कर. पण ज्यांना आंबा विकत घ्यायचाच नाही, अशांना जाहिरात दाखवून छेद फुगवून ठेवला असेल, तर त्या ओळीचा काही उपयोग होत नाही. आधी छेद, मग अंश. हा क्रम उलटा केला की पैसे जातात.

## दिसायला पैसे पडत नाहीत, मग बिघडतं काय?

पैसे क्लिकलाच पडतात हे खरं. पण क्लिकचा भाव कसा ठरतो, ते पाहिलं की बिघडतं काय ते कळतं.

क्लिकच्या लिलावाची सुरुवात १९९८ मध्ये अमेरिकेतल्या गोटू डॉट कॉम या शोध-संकेतस्थळाने केली. तिथे नियम सरळ होता: जो जास्त बोली लावेल तो वर. मग शोध काहीही असो, वर पैसेवाला. गुगलने २००० मध्ये अ‍ॅडवर्ड्स ही आपली जाहिरातसेवा सुरू केली आणि फेब्रुवारी २००२ पासून क्लिकमागे पैसे घेण्याची पद्धत आणताना बोलीला सीटीआरने गुणलं. २०१८ मध्ये नाव गुगल अ‍ॅड्स झालं, हिशेब कितीतरी गुंतागुंतीचा झाला, पण मूळ कल्पना तीच राहिली.

जत्रेच्या मैदानाचा मालक डोळ्यांसमोर आणा. तो स्टॉलचं भाडं घेत नाही. स्टॉलमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक माणसामागे स्टॉलवाल्याकडून पैसे घेतो. कमानीजवळची जागा तो कुणाला देईल? एक जण माणशी २० रुपये कबूल करतो, पण त्याच्याकडे शंभरातले दोघंच वळतात. दुसरा १२ रुपये देतो आणि त्याच्याकडे सहा जण वळतात. पहिल्याकडून मालकाला ४० रुपये मिळणार, दुसऱ्याकडून ७२. जागा दुसऱ्याला मिळते. शिवाय त्याला १२ रुपयेही मोजावे लागत नाहीत. पहिल्याच्या ४० च्या किंचित पुढे राहण्यापुरतेच द्यायचे, म्हणजे ४० भागिले ६, साधारण ६ रुपये ७० पैसे.

गुगल प्रत्यक्षात जुना सीटीआर जसाच्या तसा उचलत नाही. या शोधाला, या फोनवर, या वेळी, या गावात क्लिक होण्याची शक्यता किती, याचा अंदाज तो प्रत्येक लिलावात नव्याने बांधतो. त्यात जाहिरात शोधाशी किती जुळते, क्लिकनंतर उघडणारं पान कसं आहे, जोडलेल्या जादा दुव्यांचा काय उपयोग होईल, हे सगळं धरलं जातं. किमान पात्रतेची एक रेषाही असते. तिच्याखाली असलात तर जाहिरात येत नाही. म्हणून नको त्या शोधांवर दिसणं फुकट वाटलं तरी त्याची वसुली पुढच्या क्लिकच्या भावातून होत राहते.

## आधी छेद साफ करा

नवी सर्च मोहीम, म्हणजे शोधाच्या निकालांत दाखवायच्या जाहिरातींचा संच, उघडली की काही खुणा आधीच केलेल्या असतात, आणि त्या तुमच्यापेक्षा गुगलच्या सोयीच्या असतात.

पहिली खूण नेटवर्कची. सर्च मोहिमेतच 'डिस्प्ले नेटवर्क' आणि 'सर्च पार्टनर्स' चालू असतात. पार्टनर्स म्हणजे गुगलचा शोध वापरणारी इतर संकेतस्थळं. डिस्प्ले म्हणजे बातम्या वाचताना किंवा अ‍ॅप वापरताना मध्येच दिसणारी जाहिरात. डिस्प्लेवर कुणी आंबा शोधत नसतं, त्यामुळे सीटीआर कमीच राहतो. दोन्ही खुणा काढा. पार्टनर्सचा प्रयोग पुढे कधीतरी वेगळा करता येईल.

दुसरी खूण ठिकाणाची. 'पुणे' निवडलं तरी मूळ पर्यायात पुण्यात असलेले आणि पुण्यात रस दाखवलेले असे दोन्ही लोक येतात. फक्त तिथे असलेल्यांचा पर्याय निवडा. याला एक अपवाद मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. दुबईत किंवा लंडनमध्ये बसून पुण्यातल्या आईवडिलांना पेटी पाठवणारा गिऱ्हाईक खरा असतो आणि भावासाठी फारसा अडून बसत नाही. त्याच्यासाठी त्या देशांची वेगळी मोहीम काढा, 'परदेशातून ऑर्डर, पुण्यात पोच' अशा मजकुराची. एकाच मोहिमेत दोघांना कोंबलं की दोघांचेही आकडे वाचता येत नाहीत.

तिसरी गोष्ट, जुळणीचा प्रकार. ज्या शब्दांवर तुम्ही बोली लावता ते कीवर्ड. नुसता शब्द लिहिला तर ती ब्रॉड जुळणी: गुगलला संबंधित वाटेल त्या कुठल्याही शोधावर जाहिरात जाते. अवतरणचिन्हांत लिहिला तर फ्रेज: तो अर्थ शोधात असायला हवा. चौकटी कंसात, म्हणजे [देवगड हापूस पुणे] असं लिहिलं तर एक्झॅक्ट: तोच अर्थ, इकडचं तिकडचं काही नाही. ब्रॉडमध्ये 'मँगो ऑनलाइन' टाकलं, तर मँगो नावाच्या स्पॅनिश कंपनीचे कपडे शोधणाऱ्यांपर्यंत, लस्सीची कृती हवी असणाऱ्यांपर्यंत आणि आंब्यावर निबंध शोधणाऱ्या मुलांपर्यंत जाहिरात पोचायला वेळ लागत नाही. थोड्या पैशांत सुरुवात करणाऱ्याने फ्रेज आणि एक्झॅक्टवरच राहावं. हाताशी महिन्याला शंभरेक ऑर्डरींची नोंद असेल आणि बोली गुगलच्या आपोआप पद्धतीवर सोडली असेल, तर ब्रॉडचा विचार करता येतो, त्याआधी नाही.

## नकार-शब्दांची यादी मराठीत लांब का होते?

अहवालात 'सर्च टर्म्स' नावाचं पान असतं. लोकांनी खरोखर काय टाइप केलं ते तिथे दिसतं. सगळं दिसत नाही. फार थोड्यांनी केलेले शोध गुगल २०२० पासून झाकून ठेवतो. तरी जे दिसतं तेवढ्यावर पुष्कळ काम होतं. हंगामात पहिले दोन आठवडे हे पान रोज उघडा, नंतर आठवड्यातून दोनदा.

तिथे 'हापूस कलम किंमत', 'आंबा लागवड अनुदान', 'आंबा मोहोर फवारणी', 'हापूस माहिती मराठी' असे शोध दिसले, तर कलम, लागवड, फवारणी, माहिती, निबंध, रेसिपी, फोटो, नोकरी हे नकारात्मक कीवर्ड म्हणून टाका. हे शब्द शोधात असले की जाहिरात लिलावात उतरतच नाही.

इथे एक मेख आहे. साधे कीवर्ड अनेकवचन, समानार्थी शब्द वगैरे स्वतःहून सांभाळून घेतात. नकार-शब्द घेत नाहीत. मराठीत शब्दाला प्रत्यय लागतात, त्यामुळे 'लागवड' अडवलं म्हणून 'लागवडीसाठी' अडेल असं धरून चालू नका. त्यात आपल्याकडचा मोठा वर्ग मराठीच रोमन लिपीत टाइप करतो, आणि तिथे एका शब्दाची तीन स्पेलिंगं सहज होतात. म्हणून प्रत्येक नकार-शब्दाची देवनागरी, रोमन, हिंदी आणि इंग्रजी रूपं यादीत हवीत. 'लागवड'बरोबर 'खेती'सुद्धा. काम कंटाळवाणं आहे, पण एकदा केलेली यादी पुढच्या हंगामात जशीच्या तशी वापरता येते.

उत्साहाच्या भरात जास्तही अडवलं जातं. 'मोफत' हा शब्द नकारात टाकला, तर 'आंबा पेटी मोफत घरपोच' असं शोधणारा खरा ग्राहकही गेला. तिथे एकटा शब्द नको, 'मोफत फोटो' अशी जोडी टाका.

आता आपल्या १०,००० कडे परत येऊ. समजा त्यातले ४,००० डिस्प्लेचे होते आणि त्यावर ८ क्लिक आले. ते काढले की ६,००० वर ७२ क्लिक, १.२ टक्के. त्यातले ३,६०० निबंध, कलम, कपडे आणि लस्सीवाले होते, त्यांचे १२ क्लिक. ते काढले की उरले २,४०० इम्प्रेशन आणि ६० क्लिक. सीटीआर अडीच टक्के झाला, आणि जाहिरातीचा एक शब्दही अजून बदललेला नाही.

## मग मजकूर: शोधाचं उत्तर पहिल्या ओळीत

आता अंश. आजची सर्च जाहिरात 'रिस्पॉन्सिव्ह' असते: तुम्ही जास्तीत जास्त १५ शीर्षकं आणि ४ वर्णनं देता, गुगल त्यातून जुळवाजुळव करून एका वेळी तीनपर्यंत शीर्षकं आणि दोनपर्यंत वर्णनं दाखवतो. शीर्षकाला ३० अक्षरांची मर्यादा, वर्णनाला ९०.

ही अक्षरं संगणकाच्या मोजणीतली आहेत. काना, मात्रा, उकार, जोडाक्षरातला पाय मोडल्याची खूण आणि मोकळी जागा, सगळं वेगळं धरलं जातं. 'देवगड हापूस पुण्यात घरपोच' हे डोळ्यांना चौदा अक्षरांचं वाटतं. मोजणीत २५ भरतं. म्हणून मराठी शीर्षक इंग्रजीहून आखूड शब्दांत बांधावं लागतं, आणि 'सर्वोत्कृष्ट दर्जाची खात्री' यासारखी जोडाक्षरं भरलेली ओळ पाहता पाहता जागा खाते. तसंही अशा ओळीत काही सांगितलेलं नसतं. साधी कसोटी लावा: हीच ओळ शेजारच्या विक्रेत्याने उचलली तर त्यालाही चालेल का? चालत असेल तर खोडा.

चालतं ते नेमकं. 'अढीत पिकवलेला, कार्बाइड नाही' ही ओळ २८ अक्षरांत बसते आणि ग्राहकाच्या मनातल्या नेमक्या भीतीला उत्तर देते (कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी भीती जात नाही). 'पेटीचा आजचा भाव पाहा', '४ डझन पेटी, २ दिवसांत पोच', 'देवगडच्या बागेतून थेट' या ओळीही तशाच. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या फळाला ते लागू आहे. नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर तसं लिहा. नसाल तर लिहू नका, आणि कर्नाटकी आंब्याला देवगडचं नाव तर मुळीच देऊ नका.

एकच जाहिरात सगळ्यांना पुरत नाही. भाव विचारणारा, पुण्यात घरपोच मागणारा, कुणाला द्यायला भेटपेटी शोधणारा आणि आमरसाचा डबा हवा असणारा, हे चार वेगळे लोक. प्रत्येकाच्या कीवर्डचा वेगळा गट करा आणि त्या गटाच्या पहिल्या शीर्षकात त्याचाच शब्द येऊ द्या. फोनच्या पडद्यावर पहिलं शीर्षकच धडपणे वाचलं जातं. ते गुगलच्या मर्जीवर सोडायचं नसेल, तर दोन-तीन शीर्षकं पहिल्या जागेवर पिन करा. असं केलं की बाजूचा 'अ‍ॅड स्ट्रेंथ'चा, म्हणजे जाहिरात किती दमदार ते दाखवणारा, काटा खाली येतो आणि माणूस घाबरतो. घाबरू नका, तो काटा सल्ल्यापुरता आहे, लिलावात धरला जात नाही.

शोधलेला शब्द आपोआप शीर्षकात घालणारी सोयही आहे. मराठीत ती टाळलेली बरी. 'हापूस आंबा किंमत पुणे' असं विभक्ती गळालेलं शीर्षक वाचलं की जाहिरात यंत्राने लिहिली आहे, हे लगेच कळतं. उद्गारचिन्ह शीर्षकात चालत नाही, मजकुरात फोन नंबर चालत नाही, 'इथे क्लिक करा' नामंजूर होतं.

जाहिरातीखालचे जादा दुवे, म्हणजे साइटलिंक, किमान चार द्या: भाव, पोच कुठे-कुठे, भेटपेटी, ग्राहकांचे अभिप्राय. दुव्याच्या नावाला २५ अक्षरं. ते दिसल्याचे वेगळे पैसे लागत नाहीत, आणि जाहिरात पडद्यावर जास्त जागा व्यापते. कॉलचं बटण द्यायचं तर वेळ ठरवून द्या. रात्री अकराला वाजलेला आणि न उचललेला फोन हा पैसे मोजून गमावलेला ग्राहक.

## 'बोली वाढवली की वर जाऊ, मग सीटीआर आपोआप वाढेल'

वाढेल, पण फसवा वाढेल. वरच्या जागेला क्लिक जास्त मिळतात हे गुगललाही माहीत आहे. म्हणून दर्जा ठरवताना तो जागेचा फायदा वजा करून बघतो: या जागेवर साधारण जेवढे क्लिक येतात, त्याहून तुमचे जास्त की कमी? बोलीने विकत घेतलेला सीटीआर तुमचा दर्जा सुधारत नाही.

कीवर्डपुढे १ ते १० असा क्वालिटी स्कोअर दिसतो. तो लिलावात जात नाही. ते निदान आहे. त्यातले तीन रकाने जास्त कामाचे: अपेक्षित सीटीआर, जाहिरातीची जुळणी, पानाचा अनुभव. पहिला 'सरासरीखाली' असेल तर वरचं सगळं काम बाकी आहे. तिसरा तसा असेल तर मजकुराशी झटण्यात अर्थ नाही. पान हळू उघडतंय किंवा जाहिरातीतला भाव पानावर सापडत नाही. आंब्याचा भाव तर रोज हलतो, त्यामुळे हे वारंवार घडतं.

## 'दोन दिवसांत सीटीआर दुप्पट झाला!'

झाला नसेल. १,००० इम्प्रेशनवर ५० क्लिक आले तर सीटीआर ५ टक्के दिसतो, पण निव्वळ योगायोगाची जागा धरली तर खरा आकडा साधारण ३.६ ते ६.४ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. शंभर इम्प्रेशनवर तर काहीच सांगता येत नाही. दोन मजकुरांची तुलना करायची तर दोन्ही एकाच काळात चालवा. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यातला आकडा मेअखेरीच्या आकड्याशी लावून पाहू नका. आणि स्वतःच्या दुकानाच्या नावावरचे शोध वेगळे काढा. तिथे सीटीआर उंच असतोच, तो बाकीच्यांचं अपयश झाकतो.

जाहिरात दिसते का हे तपासायला दिवसातून दहा वेळा गुगलवर शोधणंही बंद करा. क्लिक न करता पाहिलेली प्रत्येक जाहिरात छेदात जमा होते. खात्यातच 'अ‍ॅड प्रीव्ह्यू' नावाचं साधन आहे. तिथे पाहिलं तर इम्प्रेशन मोजलं जात नाही.

## 'प्रतिस्पर्ध्याच्या नावावर बोली लावू का?'

ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने गुगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स प्रकरणात म्हटलं, की दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरला एवढ्यानेच उल्लंघन होत नाही. ग्राहकाचा गोंधळ होत असेल तर होतं, आणि मग गुगललाही हात झटकता येत नाहीत. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही. जो माणूस एका दुकानाचं नाव टाइप करतो, त्याला तेच दुकान हवं असतं. सीटीआर पडतो, क्लिक महाग पडतो.

## सीटीआर जेवढा जास्त तेवढं चांगलं?

नाही. 'हापूस अर्ध्या भावात' लिहा, क्लिकांची रीघ लागेल. समजा अशा जाहिरातीचा सीटीआर ६ टक्के आहे, पण शंभर क्लिकमागे एकच पेटी जाते. दुसरीत पेटीचा भाव स्पष्ट लिहिला आहे, सीटीआर ४ टक्के आहे आणि शंभर क्लिकमागे चार पेट्या जातात. हजार इम्प्रेशनवर पहिलीचे ६० क्लिक आणि पेटी एकही धड नाही. दुसरीचे ४० क्लिक आणि दीड पेटीहून जास्त. भाव जाहिरातीतच लिहिला तर सीटीआर थोडा उतरेल, ते सोसा. महाग वाटणारा माणूस क्लिक न करताच निघून गेला, म्हणजे तुमचे पैसे वाचले. गुगलचा फायदा क्लिकात आहे, तुमचा पेटीत. खात्यात येणाऱ्या शिफारशी वाचताना हा फरक विसरू नका, आणि त्या आपोआप लागू होण्याची सोय बंद ठेवा.

बजेटबद्दल एक व्यवहारी गोष्ट: रोजची मर्यादा ५०० रुपये ठेवली तरी एखाद्या दिवशी १,००० पर्यंत खर्च होऊ शकतो, महिन्याचा हिशेब मात्र रोजच्या मर्यादेच्या ३०.४ पटीत धरला जातो. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

## 'आता उत्तर एआयच देतो, मग जाहिरातीवर कोण येणार?'

ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गुगल काही शोधांवर स्वतःच तयार केलेलं उत्तर वर दाखवतो. 'हापूस कसा ओळखावा' असा माहितीचा शोध बऱ्याचदा तिथेच भागतो, खाली फारसं कुणी जात नाही. हा धक्का लेख लिहिणाऱ्या संकेतस्थळांना मोठा आहे. पेटी मात्र उत्तरातून घरी येत नाही. 'हापूस पेटी कोथरूड घरपोच' शोधणाऱ्याला विक्रेता लागतोच. माहितीच्या शोधांवर बोली लावून 'नाव तरी होईल' म्हणणाऱ्यांनी मात्र आता ते शब्द नकार-यादीत हलवावेत.

जूनमध्ये पाऊस लागला आणि हापूस संपला की कीवर्ड काढून टाकू नका, नुसते थांबवा. थांबवल्याने त्यांचा दर्जा घसरत नाही आणि इतिहास जागेवर राहतो. आमरसाच्या डब्यांचा गट तेवढा चालू ठेवा, त्याच्या शीर्षकांतून 'ताजा' हा शब्द काढा, आणि हंगामातली नकार-शब्दांची यादी एका फाइलमध्ये उतरवून घ्या.